ओट्याचं काम बिघडलं तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा बसवून झाला तेव्हा दिसायला सुरेख होता. काळा ग्रॅनाइट, आरशासारखं पॉलिश. दोन महिने मला एवढंच जाणवत होतं की धिरडं एका बाजूला जाड होतं आणि तव्यातलं तेल दर वेळी भिंतीकडे पळतं. मी तवा बदलला. मग एका दुपारी पाणसळ (पातळी तपासायची बुडबुड्याची पट्टी) लावून पाहिली. शेगडीखालचा ओटाच भिंतीकडे झुकला होता, दोन फुटांच्या रुंदीत नऊ मिलिमीटर. तोवर ठेकेदाराचे सगळे पैसे चुकते झाले होते. "थोडा उतार असतोच, ताई," हे उत्तर पुढे दीड महिना ऐकलं. ज्या दिवशी मोजपट्टी दिसेल असा फोटो काढून त्याखाली "९ मिमी, भिंतीच्या दिशेने" असं लिहून पाठवलं, त्यानंतर दोन दिवसांत माणूस घरी आला.

तेव्हापासून नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी ओटा बसला की मी पाणसळ घेऊन जाते. खालचे प्रश्न त्या घरांमध्ये मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. "काम नीट झालं नाही" या वाक्याला प्रत्येक ठेकेदाराकडे उत्तर तयार असतं. मापाला नसतं. म्हणून जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी मापावर येते.

मिस्त्री अजून घरात आहेत. ते जाण्याआधी काय काय बघू?

आधी ओटा ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्या. दगडाच्या भुकटीखाली सांधे, ओरखडे, टवके सगळं झाकलं जातं आणि बहुतेक लोक त्या भुकटीसकट "छान झालाय" म्हणून मोकळे होतात.

मग पाणसळ लावा, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे. दोन फुटी पाणसळ हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. मोबाइलमधल्या अॅपवर विसंबू नका, मागच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन मुळातच तिरका बसतो. पाणसळ नसेल तर वाटीभर पाणी ओट्याच्या मधोमध ओता आणि ते कुठे जातं ते बघा.

त्यानंतर बोटाच्या पेराने ओटा इंच-इंच ठोकत जा. खाली माल किंवा आधार नीट असेल तिथे आवाज भरीव येतो. जिथे बद्द, पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करा. पोकळ जागेवर उद्या खलबत्ता आपटला की तडा तिथूनच जाणार.

सिंक काठोकाठ भरा, खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा आणि चार तास तसंच राहू द्या. सिंकच्या कडेचा पाझर इतका बारीक असतो की हाताला ओल लागत नाही, कागदावर मात्र थेंबाचा डाग उमटतो. शेवटी घरातले दिवे बंद करून टॉर्च ओट्यावर आडवी धरा. तिरक्या उजेडात पॉलिशमधले चट्टे आणि ग्राइंडरचे गोल ओरखडे लगेच दिसतात.

ओट्याला उतार असावा की नसावा?

शेगडी जिथे ठेवणार तो भाग सपाटच हवा. सिंकच्या आजूबाजूला सिंककडे अगदी किंचित उतार काही मिस्त्री मुद्दाम देतात, जुन्या घरांमध्ये ती पद्धतच होती आणि त्यात गैर काही नाही. भिंतीकडे उतार मात्र कधीही चालत नाही. पाणी डॅडोच्या (ओट्यावरच्या भिंतीच्या) टाइलच्या मुळाशी साठतं, सांध्यातून खाली झिरपतं आणि खालच्या प्लायवूडच्या कपाटांची पाठ फुगते. तुमच्या अंगाकडेही उतार नको, नाहीतर भांडी घासताना पोट रोज भिजतं.

लांबीत दहा फुटांना दोन-तीन मिलिमीटर फरक मी सोडून देईन. रुंदीत दोन फुटांना तीनपेक्षा जास्त असेल तर सोडणार नाही.

सांधा किती दिसला तर चालतो?

एल आकाराच्या ओट्याला सांधा येणारच, एका लादीत तो बसत नाही. म्हणून सांधा दिसतोय एवढ्यावर भांडू नका. दोन गोष्टी बघा. जुनं एटीएम कार्ड घ्या, त्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. ते उभं धरून सांध्यावरून ओढा. कार्ड अडखळलं तर दोन लाद्या एका पातळीत नाहीत. कणीक मळताना तिथेच पीठ अडकणार आणि महिनाभरात सांध्याची काळी रेघ होणार. दुसरं म्हणजे सांध्याची रुंदी. एक ते दोन मिलिमीटर ठीक. त्याहून रुंद असेल आणि आत पांढरं सिमेंट भरलं असेल तर ते उकरून दगडाच्या रंगाचं इपॉक्सी (वाळून घट्ट होणारं चिकट भरण) भरून मागा.

तिसरी गोष्ट वरून दिसत नाही. ट्रॉली बाहेर काढून सांध्याच्या बरोबर खाली हात घाला. तिथे कडप्प्याचा उभा आधार किंवा कपाटाची भिंत हवी. अधांतरी सांधा कितीही सुंदर भरला तरी वर्षभरात उघडतो.

ही चीर आहे की दगडातली मूळ रेघ?

ग्रॅनाइटमध्ये नैसर्गिक रेघा असतात आणि मिस्त्री प्रत्येक चिरेला "दगडाचीच रेघ आहे" म्हणतात. नख फिरवा. मूळ रेघेवर पॉलिश सलग असतं, नख सरकत जातं. चिरेत नख अडकतं किंवा निदान खरखर लागते. तरी शंका असेल तर ती जागा ओली करून कोरड्या फडक्याने पुसा आणि वाट बघा. आजूबाजूचा दगड आधी वाळतो. चिरेत शिरलेलं पाणी मागे राहतं आणि थोडा वेळ एक गडद ओळ दिसत राहते. त्या क्षणी फोटो काढा.

चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक खूण करून तारीख लिहा. पंधरा दिवसांनी चीर खुणेच्या पुढे गेली असेल तर खालचा आधार हलतोय. अशी चीर नुसती भरून काही उपयोग नाही.

तडा नेमका सिंकच्या पुढेच का जातो?

कारण तिथे दगड सगळ्यात अरुंद असतो. सिंकच्या कापापासून ओट्याच्या पुढच्या कडेपर्यंत जेमतेम दोन-तीन इंचांची पट्टी उरते आणि भांडी घासताना आपण सगळा भार तिच्यावर देतो. पण सगळा दोष पट्टीला देऊ नका, सिंकच्या कापाचे कोपरे बघा. नीट काम करणारा कारागीर कोपऱ्यात आधी ड्रिलने गोल भोक पाडतो आणि मग सरळ काप घेतो. घाईत ग्राइंडर चालवला की चकती कोपऱ्याच्या पुढे थोडी निसटते आणि दगडात एक बारीक खाच राहते. सिंकखाली झोपून टॉर्च मारा. खालच्या बाजूला कोपऱ्यातून तिरकी खाच पुढे गेलेली दिसली तर तड्याचं मूळ सापडलं. हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कापालाही हेच लागू. हा तडा कारागिरीतल्या चुकीमुळे गेलेला आहे, वापरामुळे नाही, आणि त्या खाचेचा फोटो हा तुमचा सर्वात भक्कम पुरावा ठरतो. माझ्या मावसबहिणीच्या घरी ठेकेदार "तुम्ही काहीतरी जड आपटलं असणार" म्हणत अडून बसला होता. त्या एका फोटोनंतर त्याने लादी बदलून दिली.

अंडरमाउंट (दगडाच्या खालून बसवलेलं) सिंक असेल तर ते नुसत्या सिलिकॉनवर लटकवलेलं नाही ना, हेही बघा. भरलेल्या सिंकचं वजन पेलायला खाली क्लॅम्प किंवा चौकट पाहिजे.

कडेचा टवका उडालाय. अख्खी लादी बदलून मागू का?

नको. ज्वारीच्या दाण्याएवढा टवका इपॉक्सीत दगडाची भुकटी मिसळून भरता येतो आणि पॉलिश केल्यावर शोधावा लागतो. तो भरून मागा, एवढ्यासाठी लादी मागू नका. वाजवी मागणी केली तर मोठ्या चुकीच्या वेळी तुमचा शब्द चालतो. टवके मात्र एकाच कडेला ओळीने असतील तर चकती बोथट होती आणि मोल्डिंग घाईत झालंय. अशी पूर्ण कड पुन्हा घासून घ्यायला हवी.

कोणती चूक जागेवर सुधारते आणि कोणती सुधारत नाही?

सांध्याचं भरण, टवके, सिलिकॉन, सिंकचा पाझर, पॉलिशचे चट्टे ही जागेवर होणारी कामं. ग्रॅनाइटचा वर-खाली सांधाही घासून एका पातळीत आणता येतो, पण तिथलं पॉलिश कारखान्याच्या पॉलिशशी तंतोतंत जुळेलच असं नाही, हे आधीच कबूल करून घ्या. क्वार्ट्झवर (कारखान्यात दाबून केलेल्या लादीवर) असं घासकाम घरात करू देऊ नये, त्याची चमक हाताच्या मशीनने परत आणणं फार अवघड आहे.

आरपार तडा, चुकीच्या जागी पडलेला काप, रुंदीत किंवा लांबीत कमी पडलेली लादी यांना दुरुस्ती नाही, नवीन दगड लागतो. "आम्ही खाली स्टीलची पट्टी लावून पक्कं करून देतो" असं सांगितलं जाईल. त्याने तडा पुढे जायचा थांबू शकतो, दिसायचा थांबत नाही. ते तुम्हाला चालणार असेल तर किंमत कमी करून घ्या आणि तसं लिहून घ्या.

बसवलेला ओटा काढून, सरळ करून तोच दगड परत बसवता येतो का?

क्वचित. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे नव्वद किलो झाले आणि त्यात सिंक-हॉबच्या कापांनी तो कमजोर झालेला. कपाटांवर नुसता सिलिकॉनने टेकवला असेल तर चार माणसं मिळून तो सुटा करू शकतात. सिमेंटच्या मालावर बसवला असेल तर काढताना तुटण्याचीच शक्यता जास्त. म्हणून "काढून परत बसवतो" असं ठेकेदार म्हणाला तर आधी एकच प्रश्न विचारा: तुटला तर नवीन दगड कोण देणार? उत्तर मेसेजवर घ्या. आमच्याकडे तो तुटलाच. नवीन दगड ठेकेदार देणार हे मेसेजमध्ये होतं म्हणून दगडाचा खर्च आमच्यावर आला नाही.

काळा ग्रॅनाइट पुसला की फडक्याला काळं लागतं. हे काय?

करड्या दगडाला रंग देऊन काळा म्हणून विकलेला असू शकतो. पांढऱ्या सुती कापडावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासा. कापडावर काळा रंग उतरला तर दगड रंगवलेला आहे. नुसत्या पाण्याने पहिल्या दिवशी थोडं काळं निघणं वेगळं, ते उरलेलं पॉलिश किंवा मेण असतं आणि दोन-तीन वेळा पुसल्यावर थांबतं. रंगवलेला दगड निघाला तर तक्रार दगड विकणाऱ्याकडे करायची. त्या कापडाचा तुकडा जपून ठेवा.

दोन लाद्यांचा रंग वेगळा दिसतो.

एकाच लॉटमधल्या नसणार. कापण्याआधी लक्षात आलं असेल तर बदलून मिळतात, कापल्यानंतर सहसा नाही. दगड यार्डात (दगड विकणाऱ्याच्या आवारात) निवडताना सगळ्या लाद्या शेजारी-शेजारी उभ्या करून, ओल्या करून बघायच्या असतात.

लिंबू सांडलं तिथे पांढरट डाग पडला. दगड खराब दिला का?

ग्रॅनाइट लिंबाने असा डागळत नाही. डाग म्हणजे पॉलिश खाल्लं गेलंय असं असेल, तर तो दगड संगमरवर किंवा कडप्पा असावा. कडप्पा हा काळा चुनखडीचा दगड. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून त्याचं नाव पडलं. आपल्याकडे ओट्याखालचे उभे आधार आणि फळ्या त्याच्याच असतात आणि तिथे तो उत्तम आहे. वरच्या ओट्याला मात्र तो लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो यांनी डागळतो. ग्रॅनाइटचे पैसे घेऊन कडप्पा दिला असेल तर ती फसवणूक झाली. तुम्हीच हौसेने संगमरवर निवडला असेल तर मिस्त्रीला बोल लावू नका.

क्वार्ट्झवर गरम कुकर ठेवला आणि पिवळा डाग पडला. यात कामाचा दोष आहे का?

नाही. क्वार्ट्झचा ओटा म्हणजे दगडाची भुकटी आणि रेझिन (ती चिकटवणारं रसायन) यांची दाबून केलेली लादी. रेझिनला उष्णता सोसत नाही, गरम भांड्याखाली चकती हवीच. उन्हाने पण ते पिवळं पडतं, म्हणून ड्राय बाल्कनीत क्वार्ट्झ लावू नये. पण बाल्कनीसाठी क्वार्ट्झ ठेकेदारानेच सुचवलं असेल आणि तसा मेसेज तुमच्याकडे असेल, तर चुकीचा सल्ला देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

ओटा आणि भिंत यांच्यात फट आहे. मिस्त्री म्हणतात भिंतच वाकडी आहे.

बहुतेक वेळा ते खरं बोलत असतात. आपल्या घरांमध्ये गुण्यात (काटकोनात) असलेली भिंत विरळाच. पण भिंत वाकडी असली तर तिच्या मापाने दगड कापायचा, हेच तर त्यांचं काम. चार-पाच मिलिमीटरपर्यंतची फट सिलिकॉनने झाकता येते. त्याहून मोठी असेल तर वर डॅडोची टाइल किंवा दगडाची पट्टी यायला हवी. पांढरं सिमेंट भरू देऊ नका. दगड आणि भिंत थोडे थोडे हलत असतात, सिमेंट तडकतं, काळं पडतं आणि त्या भेगेत झुरळांची वस्ती होते. बुरशी न धरणारं, सॅनिटरी कामाचं सिलिकॉनच मागा.

ओटा पुसताना पाणी कडेवरून वळून खालच्या ट्रॉल्यांवर येतं.

ओट्याच्या पुढच्या कडेला, खालच्या बाजूने लांबीभर एक बारीक खाच मारायची असते. पाणी तिथे येऊन थांबतं आणि थेंबाने खाली पडतं. बोट फिरवून बघा, खाच लागली नाही तर ती मारलेलीच नाही. बसवल्यानंतरही लहान ग्राइंडरने ती मारता येते, पण उलटं झोपून, भुकटी खात करायचं ते काम आहे. म्हणून बसवण्याआधीच बघितलेलं बरं.

ओटा ठरलेल्या उंचीपेक्षा कमी झाला. काय करू?

जुनी फरशी असताना माप घेतलं आणि नंतर वरून टाइल बसवली की हे हमखास होतं. ओट्याची उंची नेहमी तयार फरशीपासून मोजायची. आपल्याकडे ती साधारण ३२ ते ३४ इंच ठेवतात, खरं माप स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपरावरून ठरतं. इंचभर कमी असेल तर सवय होते. तीन इंच कमी असेल तर कंबर रोज तक्रार करते. मग आधार वाढवूनच घ्यावे लागतील, म्हणजे ओटा काढावा लागेल. ठरलेली उंची कुठेतरी लिहिलेली आहे का ते आधी शोधा: कोटेशन, ड्रॉइंग, मेसेज, भिंतीवरची पेन्सिलची खूण सुद्धा.

ठेकेदार म्हणतो सुताराची चूक, सुतार म्हणतो फरशीवाल्याची. मी कुणाला धरू?

तुम्ही पैसे ज्याला दिलेत त्याला. सगळं काम एकाच ठेकेदाराला दिलं असेल तर सुतार, प्लंबर, फरशीवाला हे त्याचे लोक. त्यांच्यातलं भांडण त्याने मिटवायचं, तुम्ही पंच व्हायचं नाही.

कामं वेगवेगळी दिली असतील तर दोघांना एकाच वेळी घरी बोलवा. पाणसळ आधी रिकाम्या कपाटाच्या कडेवर लावा, मग वरच्या दगडावर. कपाट सरळ आणि दगड वाकडा असेल तर फरशीवाला. कपाटच वाकडं असेल तर सुतार. पण वाकड्या कपाटावर काही न बोलता दगड ठेवणारा फरशीवालाही पूर्ण सुटत नाही.

दगड मी यार्डातून घेतला आणि मिस्त्रीला फक्त मजुरी दिली. तडा गेला तर कोण भरून देणार?

सगळ्यात अवघड प्रकरण हेच. यार्डवाला बिलावर "कापलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापतो आणि मिस्त्री म्हणतो दगडच कच्चा होता. यातून सुटायचा मार्ग कापण्याआधीच असतो. लादी घरी उतरली की मिस्त्रीसमोर ती ओली करून, ठोकून तपासा आणि "लादी चांगली आहे, काम सुरू करतो" एवढा मेसेज त्याच्याकडून घ्या. लादी नेताना-आणताना उभीच धरलेली असावी. आडवी उचलली की स्वतःच्या वजनाने मध्ये चिरते आणि ती चीर पुढे दिसते.

शेवटचे पैसे थांबवू का?

हो, पण चूक जेवढी तेवढेच आणि कारण लिहून. सुरुवातीलाच एकूण रकमेचे दहा ते वीस टक्के तपासणीनंतर द्यायचे ठरवलेले असतील तर भांडण होत नाही. तसं ठरलं नसेल तर दुरुस्तीला किती खर्च येईल याचा दुसऱ्या कारागिराकडून अंदाज घ्या, तेवढे थांबवा आणि बाकीचे देऊन टाका. एका टवक्यासाठी निम्मं बिल अडवलं तर चूक तुमची ठरते.

एक गोष्ट मनापासून सांगते. समोर राबणारा कारागीर बहुधा रोजंदारीवर असतो, तुमचे थांबवलेले पैसे त्याच्या पगारातून कापले जाऊ शकतात. बोलणी ठेकेदाराशी करा, कारागिरावर आवाज चढवू नका. आमचा ओटा दुसऱ्यांदा बसवायला आलेल्या मिस्त्रीने मला पाणसळ कशी वाचायची ते शिकवलं. मला जे येतं त्यातलं बरंचसं त्याचं आहे.

तक्रार नेमकी कशी लिहू?

छोटी, मापासकट, तारखेसकट. विशेषणं नकोत. साधारण अशी:

"नमस्कार. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा आपण ४ तारखेला बसवलात. आज तपासल्यावर तीन गोष्टी आढळल्या. (१) शेगडीच्या जागी ओटा भिंतीकडे झुकलेला, २४ इंचांत ९ मिमी. (२) कोपऱ्यातला सांधा ३ मिमी रुंद, उजवी लादी १ मिमी वर. (३) सिंकच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यातून ६ सेंमी चीर. फोटो सोबत आहेत. कृपया सात दिवसांत पाहणी करून, कोणती गोष्ट कशी आणि कधी दुरुस्त करणार ते लेखी कळवावे. तोपर्यंत बिलातले उरलेले इतके रुपये राखून ठेवत आहे."

प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. एक फोटो लांबून, ओटा कुठला ते कळेल असा, आणि एक जवळून. मेसेज पाठवा, पण मूळ संभाषण फोनमधून पुसू नका. फोनवर काही कबूल झालं तर लगेच "आत्ता बोलल्याप्रमाणे शनिवारी येताय" असं लिहून टाका.

सात दिवस झाले, फोन उचलत नाही. दुसऱ्याकडून करून घेऊ?

आधी एकदा स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. त्यात शेवटची मुदत द्या आणि "त्यानंतर दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च आपल्याकडून वसूल करीन" असं लिहा. चूक सुधारायची संधी तुम्ही दिली होती, हे नंतर दाखवता आलं पाहिजे. मुदत संपली की दोन कारागिरांकडून लेखी अंदाज घ्या, शक्य झालं तर एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून किंवा आर्किटेक्टकडून पानभर अहवाल घ्या, आणि मगच जुना दगड फोडा. फोडलेले तुकडे, विशेषतः तड्याचा आणि सिंकच्या कोपऱ्याचा, काही दिवस ठेवून द्या.

ग्राहक आयोगात जाण्याइतकं हे मोठं प्रकरण आहे का?

रक्कम तुमच्यासाठी मोठी असेल तर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पैसे घेऊन नीट काम न करणं ही सेवेतली त्रुटी आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, पुष्कळदा तिथून गेलेल्या विचारणेनेच ठेकेदार बोलता होतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.

तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच होते, म्हणजे ओट्याची सगळीच प्रकरणं त्यात बसतात. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ठेकेदार दुसऱ्या गावचा असला तरी. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवं. कायद्यात निकालाची मुदत तीन महिन्यांची आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात. आयोग दोष दूर करायला, पैसे परत करायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो.

पक्कं बिल नाही. मग काहीच करता येणार नाही?

येईल. यूपीआयची नोंद, बँकेचा उतारा, कोटेशनचा कागद, मेसेज, कामाच्या दिवशीचे फोटो यांवरून व्यवहार सिद्ध करता येतो. सगळे पैसे रोख आणि एक ओळही लिहिलेली नाही, अशा वेळी मात्र कठीण जातं.

नवीन फ्लॅट आहे, ओटा बिल्डरने बसवून दिलाय.

मग तुमची बाजू जास्त बळकट आहे. रेरा (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा, पोच घ्या. ऐकलं नाही तर महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडे, जाता येतं. गोव्यात गोवा रेरा आहे. ताबा घेतानाच्या यादीत ओट्याच्या चुका लिहिल्या असतील तर उत्तम, पण त्या दिवशी लिहिल्या नाहीत म्हणून हक्क जात नाही. ओटा तुम्ही नंतर स्वतः बदलला असेल तर बिल्डरला यात ओढता येणार नाही.

पोलिसात तक्रार करू का?

वाईट काम हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. आगाऊ पैसे घेऊन काम न करताच पसार झाला, किंवा एक दगड दाखवून मुद्दाम दुसरा बसवला, तर गोष्ट वेगळी.

दुरुस्तीला आलेले लोक घरातच दगड कापतायत. चालेल?

कोरडं कापू देऊ नका, विशेषतः क्वार्ट्झ. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असतेच, पण क्वार्ट्झच्या बऱ्याच लाद्यांमध्ये ती नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. दगड कापणाऱ्या कामगारांचे असे हाल झाले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून क्वार्ट्झच्या लाद्या बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधून तरुण मुलं हेच काम करतात आणि रुमालाने ही धूळ अडत नाही.

मोठे काप यार्डातच, पाण्याखाली करून आणायला सांगा. घरात लहानसा काप टाळता येत नसेल तर बाल्कनीत, चकतीवर एकाने सतत पाणी सोडत. कापणाऱ्याला चांगला मास्क द्या, नसेल तर तुम्ही विकत आणून द्या. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानेच पुसा. आणि काम संपल्यावर साफसफाईला ॲसिड आणलं तर तिथेच थांबवा. त्याने स्टीलचं सिंक, ट्रॉल्यांच्या तारा आणि सिमेंटचे सांधे तिन्ही खराब होतात.